वही वरच मिटायची

राजेश्वरीला एका जागी बसवत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सास्तूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावच्या दूध संस्थेत ती लेखनिक. त्या आठवड्यात तर तिच्या पायाला भिंगरीच लागली होती.

धाराशिवच्या जिल्हा कार्यालयातून सगळ्या संस्थांना एक फॉर्म आला होता. तुमच्या नियमांचा बायका-पुरुषांवर, लहान-मोठ्या सभासदांवर सारखाच परिणाम होतो का? तिनं बसल्या जागी ‘होय’ लिहून पाठवून दिला. नियम सगळ्यांना एकच होता: लागोपाठ तीन वार्षिक सभांना गैरहजर, की सभासदत्व रद्द. चार दिवसांनी रद्द झालेल्यांची यादी फळ्यावर लागली. एकोणीस नावं, त्यांत सतरा बायका.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अयोध्याबाई, संस्थेनं परत केलेली दुधाची किटली घेऊन, राजेश्वरीच्या दारात उभी राहिली. दोन म्हशींवर एकटीचं घर चालवणारी बाई.

“म्या तिन्ही सभंला होते की गं. तू बी माझ्याच शेजारी बसली होतीस!”

राजेश्वरीनं हजेरीची वही काढून बघितली; त्या सतरा जणींची एकही सही नव्हती. भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी आलं, रस्ते सरळ झाले. पण मारुतीचा पार आम्ही होता तसाच बांधला, आणि बसायची रीतही तीच ठेवली. पुरुष पारावर, बायका मागं लिंबाखाली. बाई पारावर चढत नाही. सह्यांची वही पारावर फिरायची आणि तिथंच मिटायची. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागतं.

ती सचिव शांतलिंगांकडं गेली. “माझं चुकलंय. फॉर्म परत मागवा.”

“उगं लचांड नको,” ते म्हणाले. “तुझी कायम व्हायची फाईल बी माझ्याच टेबलावर हाय.”

तीन दिवस ती गल्लीबोळ फिरली. सतराही जणींना एकच विचारलं: सभेला कुठं बसला होता? सगळं लिहून काढलं आणि ‘होय’ चुकीचं होतं, असं पत्र तिनं स्वतःच्या सहीनं धाराशिवला धाडलं. फाईलचं काय व्हायचं ते होवो.

रविवारी यंदाची वार्षिक सभा भरली. वही पारावर फिरू लागली, तशी राजेश्वरी पारापाशी आली.

“वही खाली द्या.”

“आधी वरच्यांच्या सह्या होऊ दे,” शांतलिंग म्हणाले.

“आजवर वरच्यांच्याच झाल्या.”

वही नेमकी माझ्या हातात होती. मी या गावचा निवृत्त मास्तर. तीन वर्षं सही करून वही शेजाऱ्याकडं सरकवली, पण एकदाही मागं वळून बघितलं नाही. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मी खाली उतरलो आणि वही अयोध्याबाईच्या हातात दिली.

तिनं पेन घेतलं, सही केली आणि माझ्याकडं बघितलं.

“गुरुजी, मागल्या तीन सभंच्या कुठं करू?”