अबिसिनिया सरांचा धुरा

‘शांतता राखा’ असं कुणी म्हणालं की सर आधी त्या माणसाकडे नीट बघून घेत. वर्गात, गावच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा. ‘‘शांतता कुणाला पाहिजे असते रे? ज्याचं घेऊन झालंय त्याला,’’ असं म्हणत.

अहमदपूरच्या शाळेत ते आम्हाला इतिहास शिकवत. अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, इटलीने केलेल्या स्वारीचा पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद होता. सर त्याला आठवडा लावत. म्हणून पोरं त्यांना अबिसिनिया सर म्हणायची. विमानांतून विषारी वायू सोडला, बादशहा जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे दाद मागायला उभा राहिला तेव्हा इटलीच्या वार्ताहरांनी शिट्ट्या मारल्या, हे सांगताना त्यांच्या हातातला खडू मोडायचा. मग ते राष्ट्रसंघाने घातलेल्या निर्बंधांकडे वळत. बऱ्याच मालाला बंदी, तेलाला मात्र नाही.

‘‘रणगाडा काय पाण्यावर चालतो का रे, व्यंकट?’’

‘‘विसरले असतील, सर,’’ मी म्हणालो.

‘‘विसरलं कुणी न्हाई. काय राहिलं ते सोड, यादी कुणी केली ते बघ.’’

संशय हा त्यांचा स्वभावच. एस.टी.त कुणी उठून जागा दिली तर आधी सीट चाचपून बघत. विश्वास दोघांवरच. एक ग्यानबाकाका, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, दुसरा मी. माझ्यावर का, ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त होऊन सर गावी आले आणि आपली चार एकर कसू लागले. शेजारचा किशनराव दरसाल नांगरताना धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, एकेक तास, नांगराची एकेक रेघ, आपल्याकडे ओढायचा. एका वर्षी तर त्याने हद्दीचे दगडच उपटले आणि आठ तास आत आला. सरांनी गावच्या तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला. समितीचा सचिव मी.

बैठकीत आम्ही ठरवलं, मोजणी होईपर्यंत दोन्ही पक्षांनी त्या पट्ट्याला हात लावू नये.

‘‘दोन्ही पक्ष?’’ सर म्हणाले. ‘‘माझं पाऊल माझ्याच रानात हाय. मी कुठून काढू?’’

मग त्यांच्या समाधानासाठी एक ओळ वाढवली : त्या पट्ट्यासाठी किशनरावला कुणी मजूर, बैल, औत देऊ नये. मीच लिहिली.

‘‘आन् ट्रॅक्टर?’’ सरांनी विचारलं.

‘‘औतात आलाच की तो, सर.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्यांनी केली नसती.

आता सांगतो. गावात ट्रॅक्टर दोनच, एक ग्यानबाकाकांचा, एक माझा. माझ्या विहिरीची पाइपलाइन किशनरावच्या रानातून येते. बाजाराच्या दिवशी भर दुपारी, गाव अहमदपूरला गेलेलं असताना, माझ्या ट्रॅक्टरने तो पट्टा पेरला गेला. चालवायला मीच होतो. गावात मात्र मी दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, ट्रॅक्टर लातूरला दुरुस्तीला टाकलाय म्हणून.

सरांनी चाकांच्या खुणांचे मोबाइलवर फोटो काढले आणि थेट ग्यानबाकाकांच्या दारात गेले. मी मागे उभा होतो.

‘‘मास्तर, लेकराची आण घेतो, मी न्हाई,’’ काका म्हणाले.

‘‘आणा घेणारे लई बघितलेत मी.’’

‘‘साठ वर्षं एका ताटात जेवलो. आन् आज तू मला हे कामून इचारायलास?’’

सर माघारी फिरले. वाटेत मला म्हणाले, ‘‘व्यंकट, माणूस ओळखायला चुकलो बघ.’’ मी मान हलवली.

मोजणी झाली, पट्टा सरांचाच ठरला; पण तोवर दोन पिकं किशनरावने काढली होती. सर कंटाळून लातूरला लेकीकडे गेले. ग्यानबाकाका पारावर बसायचे बंद झाले. कुणी सरांचं नाव काढलं की उठून जायचे. सहा वर्षं मी हे बघत होतो.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला गेलो आणि सरांना सगळं सांगितलं. पाइपलाइनसुद्धा सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘ग्यानबाला सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘आधी तिथं जायचं होतंस.’’ मग आत बघून लेकीला हाक मारली, ‘‘माझा सदरा दे. गावी चाललो.’’

एस.टी.त माझ्या शेजारी जागा होती, तरी ते पुढे जाऊन बसले. गावात उतरल्यावर काठी टेकत माझ्यापुढे चालले. ग्यानबाकाका अंगणात बाजेवर होते. सरांना बघून उठायला गेले, पण जमलं नाही.

‘‘ग्यानबा, मी चुकलो,’’ सर म्हणाले. ‘‘ट्रॅक्टर ह्याचा होता.’’

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाजेवर सरकून जागा केली. सर न चाचपता बसले.

‘‘लई वाळला रे मास्तर,’’ काका म्हणाले आणि आत हाक दिली, ‘‘अगं, दोन कप चहा टाक.’’

मी थोडा वेळ अंगणाच्या कडेला उभा राहिलो. मग चपला घातल्या.