नटावरची खडूची रेघ

आमच्या अण्णांचं सांगलीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नट आवळून झाला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत ते खडूने एक रेघ ओढत. रेघ मोडली म्हणजे नट कुणीतरी हलवला. मग गिऱ्हाइकाने कितीही हुज्जत घातली तरी उपयोग नसे.

नव्वदच्या दशकात मी औषधांवर संशोधन करायला मोहालीला आलो आणि तेव्हा जिकडेतिकडे दिसू लागलेली शंभर सीसीची मोटरसायकल घेतली. अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे आले, तेव्हा दोन दिवसांतच बायको म्हणाली, "त्यांना काहीतरी काम द्या हो, नुसते बसून आहेत." मी गाडीची चेन दाखवली. अण्णांचा चेहरा खुलला. चेन रॉकेलने धुतली, तेल दिलं आणि चांगली ताणून आवळली. "ढिल्ली चेन म्हंजे ढिल्लं काम, लेका." दोन्ही बाजूंच्या नटांवर रेघा ओढल्या.

रविवारी त्यांना पिंजौरला सोडायला निघालो. तिथल्या कारखान्यात त्यांचा एक गाववाला नोकरीला होता, त्याच्याकडे ते चार दिवस राहणार होते. माझ्यामागे अण्णा आणि त्यांच्यामागे कॅरियरवर गाववाल्यासाठी ज्वारीच्या पिठाची, शेंगांची जड पिशवी. पंचकुला ओलांडून साठचा वेग धरला, तर हँडल डुलायला लागलं आणि खालून चेन गुरगुरायला लागली. वेग कमी केला की डुलणं थांबे, गुरगुर मात्र चालूच. कालपर्यंत तर गाडी ठीक होती! हवा कमी? बेअरिंग गेलं? मला काही सुधरेना, आणि सुधरेना म्हणून माझा पारा चढला.

"माझ्यानंच तोल जातोय," अण्णा मागून म्हणाले. "म्हातारं ओझं. मला बसमदी बसीव."

पुढे गॅरेजची टपरी दिसताच मी गाडी थांबवली.

रस्त्याकडेच्या सरदारजी मेकॅनिकने अण्णांना बसूनच राहायला सांगितलं, चेनकव्हरचं रबरी बूच काढलं आणि आत बोट घातलं. "बहुत टाइट है जी. बंदा बैठता है तो शॉकर दबता है, चेन होर खिंचती है." मग पिशवीकडे बघून म्हणाला, "एह थैला वी आगे टंकी पे बांधो."

सायकलला कुठला आलाय शॉकर, वजनाने दबणारी स्प्रिंग! तिथे कुणीही बसलं तरी चेन तेवढीच ताठ. अण्णांचा चाळीस वर्षांचा हात नेमका तिथे चुकला होता, आणि मी शिकलासवरला असून बाजूला उभा राहून बघत होतो. आता खरं सांगावं तर त्यांचा मान जातो, गप्प बसावं तर ते स्वतःला ओझं समजत बसने जाणार. गोंधळून मी म्हणालो, "अण्णा, काल तुमच्यानंतर मीच चेन आणखी आवळली."

अण्णा उतरले. वाकून त्यांनी नट पाहिला. रेघ होती तशी सरळ होती. मी रस्त्यावरचे ट्रक बघत राहिलो.

"पाना दो जी," ते मेकॅनिकला म्हणाले आणि मला सीटवर बसवलं. बोटाने अंदाज घेत घेत त्यांनी चेन दोन्हीकडून सारखी ढिली केली. जुन्या रेघा फडक्याने पुसल्या, खिशातून खडूचा तुकडा काढून नव्या ओढल्या.

पिशवी टाकीवर बांधून निघालो, तर गाडी साठला सरळ धावली, सत्तरलाही. चेनमुळे की पिशवीमुळे, मला आजही पक्कं सांगता येत नाही.

पिंजौरला उतरताना अण्णा म्हणाले, "परत माझ्यापायी खोटं बोलू नगंस. चुकलो तर चुकलो म्हन. ओझं न्हवतो, येवढं कळलं, बास झालं."