आत्याचं नाव कुठल्या कार्डावर

आरोग्य विम्याचे नवे नियम आल्यावर लोकांच्या पदरात नेमकं काय पडलं, हे घरोघर जाऊन विचारायचं काम आमच्या संघटनेनं घेतलं. मैसुरातला लष्कर मोहल्ला माझ्या वाट्याला आला. माझाच मोहल्ला. याच गल्ल्यांत मी विम्याची पत्रकं वाटली होती. ‘उपचार हा उपकार नाही, हक्क आहे’ हे त्यातलं वाक्य माझं; कन्नडमध्येही मीच केलं होतं. आता त्याच दारांत उभं राहून हक्क मिळाला का, असं विचारायचं होतं.

सराव म्हणून पहिली मुलाखत घरीच घेतली. पहिला प्रश्न, कुटुंबात माणसं किती? अप्पा लग्नपत्रिका छापत होते. शाईचे हात पुसत म्हणाले, “कार्डावरची सांगू की ताटावरची?”

ताटावर आम्ही चौघं, कार्डावर तिघं. चौथी आत्या, अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती बेट्टदपुराहून माहेरी आली, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. साड्यांना फॉल लावत लावत तिनंच मला वाढवलं. पण रेशनकार्डावरचं तिचं नाव बेट्टदपुरातच राहिलं. आमच्या लोकांत विधवा माहेरी आली तरी सासरच्या कार्डावरचं नाव हलवत नाहीत. हलवलं की त्या घराशी संबंध तुटला. ते नाव आहे म्हणून वर्षातून एकदा, पितरांच्या म्हाळाला, दीर निरोप धाडायचा. आत्या जायची, स्वयंपाक करायची, नवऱ्याच्या नावाचं पान स्वतः वाढायची. तेवढ्या दिवसापुरती ती त्या घरची थोरली सून.

यावरून मी तिला खूप बोलले आहे. त्या घरानं तुला दिलं काय, हा माझा ठरलेला सवाल. ती “सुम्ने बस गं” म्हणायची. कन्नडमधलं हे गप बसवणं तिच्या तोंडून आलं की विषय संपला.

मग तिला दम लागू लागला. जिना चढताना, नंतर नुसतं बोलताना. आडवं झोपता येईना. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आकसली आहे, बदलावी लागेल, फार थांबू नका. रुग्णालय विम्याच्या योजनेत बसणारं होतं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. हे तर माझ्या पत्रकातलंच उदाहरण.

योजनेच्या खिडकीवरच्या मुलीनं आत्याचा आधार नंबर घातला आणि मान हलवली. ही बाई गरीब कुटुंबातली नाही. बेट्टदपुरात दिराच्या मुलानं कर्जावर गाडी घेतली होती. कर्जासाठी आयकराचा कागद भरला होता, आणि त्या कागदामुळे त्या घराचं कार्ड गरिबांच्या यादीतून उडालं होतं. म्हणजे तिकडं पुतण्यानं गाडी घेतली, म्हणून इकडं मैसुरात फॉल लावणारी आत्या श्रीमंत झाली. असं कुटुंब मोजणाऱ्यांना एकदा आमच्या ताटावर बसवायला हवं.

मुलगी वाईट नव्हती. तिनं नीट समजावलं, की तिकडचं नाव कमी करा, मग तुमच्या कार्डावर घाला, सगळं मोफत होईल. आधी कमी, मग जास्त. एक नाव दोन ठिकाणी चालत नाही.

आत्या ऐकेना. “जित्या माणसाचं नाव काढतात होय?” एवढंच म्हणाली. आमच्याकडं कार्डावरून नाव काढतात ते माणूस गेल्यावर. मी सभेत बोलते तशी तिच्याशी बोलले. झडपेला सासर-माहेर कळत नाही, म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, “हे छान आहे. पत्रकात छाप.” पण एके दिवशी जिन्यात मध्येच बसली, तिला उठता येईना, आणि बसल्या बसल्याच म्हणाली, चल, जाऊन येऊ.

बसनं बेट्टदपूर गाठलं. डोंगराच्या पायथ्याशी दिराचं घर. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. तो नाही म्हणणार, गावात नाक कापलं जाईल म्हणणार, म्हणून मुद्दे पाठ केले होते. एकही लागला नाही.

“वैनी, जिवापेक्षा नाव मोठं का? कुठं सही करू?” दीर म्हणाला आणि उभ्या उभ्या सही करून मोकळा झाला. जावेनं कॉफी दिली. पुतण्यानं आपल्या गाडीतून कचेरीत नेलं, आत्याचा अंगठा यंत्रावर टेकवून घेतला, मग बसस्टँडवर सोडलं. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही.

परतीची बस मिळाली. हुणसूर गाव मागं पडल्यावर आत्या म्हणाली, “एकदा तरी नको म्हणायला हवं होतं गं त्यानं.”

मग मैसुरात नजरबादच्या बाजूला रेशनच्या कार्यालयात नाव घालायला गेलो. नवीन नावं घेणं बंद होतं. कधी सुरू होईल? वरून हुकूम आल्यावर. तोवर जुन्या कार्डावर परत टाका म्हटलं, तर तेही नवीन नाव घालणंच झालं. बोगस लोक गाळण्यासाठी हा नियम केलाय अम्मा, तुमच्याच भल्यासाठी, असं वर ऐकवलं. मी अर्ज दिले, तक्रारी केल्या, वरच्या मजल्यावर गेले. वरचा मजला फार सभ्य. शेवटी मोहल्ल्यातल्या बायकांना घेऊन दारात बसले. पोलिसानं चहा पाजून उठवलं. जेवढं शिकले होते तेवढं सगळं करून झालं.

मधल्या काळात आमचा अहवाल पुरा झाला. आमच्या घराच्या रकान्यात, कार्ड आहे: होय. कार्डावरच्या कुणाला उपचार नाकारला: नाही. मी आत्याचं लिहिलं होतं. संघटनेतले वरिष्ठ म्हणाले, जी बाई कुठल्याच कार्डावर नाही, ती कुठल्या कुटुंबात धरू? मी खूप बोलले. आमचं घर विम्याचा फायदा झालेल्यांत मोजलं गेलं.

म्हाळ आला. निरोप आला नाही. अप्पा म्हणाले, अक्का, मी फोन करून विचारतो. आत्यानं विचारू दिलं नाही. ती दिवसभर मशीनवर बसून होती.

त्यानंतर तिला पुन्हा दाखवलं. डॉक्टरांनी तपासण्या समोर धरल्या. हृदय आता फार थकलं आहे, शस्त्रक्रिया सोसणार नाही, गोळ्यांवर ठेवू, म्हणाले. मी विचारलं, आधी आणली असती तर? त्यांनी गोळ्या लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली.

रिक्षात आत्या माझ्या खांद्याला टेकून बसली होती. श्वास जरा बसल्यावर म्हणाली, “आता त्या कचेरीत जाऊ नको. काय करायचंय आता?”

दुसऱ्या दिवशी मी गेले. नावं घेणं बंदच होतं.