बिजली आणि बॉल धरणारा गडी

बोनकोड्याच्या कबड्डी संघाचा मी कप्तान होतो. चढाईला मीच, पकडीत पुढे मीच, पंचांशी भांडायलाही मीच. हरलो की दोष तेवढा बाकीच्यांचा. एवढी पात्रता घेऊन मी सत्त्याण्णव साली तळोज्याच्या एका रंगाच्या कंपनीत कॉम्प्युटरवर लागलो.

त्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी अमेरिकन फुटबॉलचा गेम टाकून ठेवला होता. त्यात आपण खेळायचं नाही. कुठला गडी कुठे ते ठरवायचं, सामना कॉम्प्युटर खेळणार. नाव फुटबॉल, पण लांबुळका बॉल बहुतेक वेळ हातातच. लाथ मारायची वेळ आली की वेगळी माणसं उतरवायची: एक लाथ मारणारा, एक त्याच्यासाठी बॉल जमिनीवर उभा धरणारा, आणि समोरून आलेला बॉल झेलून पळणारा एक. या टोळीला 'स्पेशल टीम' म्हणायचे.

अकाउंट्समधली नावड्याची चारुलता म्हात्रे आणि मी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांविरुद्ध संघ लावायचो. माझ्याकडे एक भन्नाट पळणारा गडी होता. त्याचं नाव मी बिजली ठेवलं आणि प्रत्येक जागी त्यालाच लावलं. बॉल झेलायला बिजली, धरायला बिजली. तिसऱ्याच सामन्यात झेलताना त्याच्यावर चार जण पडले आणि पडद्यावर आलं, गुडघा गेला, मोसम संपला.

"दुभती म्हैस नांगराला जुंपलीत की हो," चारुलता म्हणाली.

मी म्हटलं, "नशीब खराब."

मग मी शहाणा झालो. लाथ मारायला खरा लाथ मारणारा ठेवला, झेलायला चपळ पोरगा. बॉल धरायला मात्र संघातला सगळ्यात जाडा गडी बसवला. बसूनच तर धरायचाय, त्यात काय अक्कल लागते!

फायनल आमच्या दोघांतच. हरेल त्याने घरून कोलंबीचा डबा आणायचा. शेवटी मी दोन गुणांनी मागे, आणि लाथ बसली की तीन मिळणार. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. पडद्यावर ओळ उमटली: धरणाऱ्याच्या हातून बॉल निसटला.

"तिथे मऊ हाताचा लागतो," चारुलता म्हणाली. "मी तर दुसऱ्या नंबरचा पास देणारा ठेवलाय."

"माहीत होतं मला," मी म्हणालो. नव्हतं.

घरी जाऊन जेवलो नाही. आई, दुर्गाबाई, म्हणाली, "काय झाला रं?" सगळं सांगावं लागलं. फुटबॉल तिला कळला नाही, चारुलता कळली. डब्यात तिने एवढी कोलंबी भरली की अकाउंट्सचं अख्खं टेबल जेवलं. आणि रविवारी मला न विचारताच ती नावड्याला गेली.

लग्न ठरलं. त्या रविवारी तिच्या वडिलांनी मुलगा कसा आहे असं विचारलं तेव्हा चारुलता म्हणाली होती, "हुशार नाही फारसा, पण हरल्यावर कुरकुरत नाही."

माझी आई तिथेच बसली होती. उपाशी झोपलेल्या कप्तानाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.