अठरा मिलिमीटरचं भोक

गुआन शूछिननं तीन वेळा नाही म्हटलं, आणि घोटाळा तिथंच झाला.

थिएनश्वेइत कुणी मान देऊ केला की माणसानं तीनदा नाही म्हणायचं असतं. पहिल्यांदा हात झटकायचा, दुसऱ्यांदा आपली लायकी काढायची, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढं करायचं. मग समोरच्यानं आग्रह करायचा आणि आपण लाजतलाजत खुर्चीवर बसायचं. शूछिननं तिन्ही ओळीनं केलं. फरक एवढाच, की ती खरं बोलत होती.

"फू पोरी, ते काम माझं नाही. मी नुसती ट्रेसर होते. ती रचना तान बोयुआन सरांची."

विद्यापीठाच्या इतिहास कचेरीतली फू लिंग गालात हसली. हातातल्या वहीत तिनं चक्क लिहून घेतलं: अतिशय विनम्र.

"गुआन आजी, तुमच्या पिढीचं हे असंच. ड्रॉइंगवर तुमचं नाव आहे. रचना, गुआन शूछिन. अनुरेखन, गुआन शूछिन. आणखी काय पाहिजे? शुक्रवारी पुस्तक छापायला जाणार. मंचावर दुसऱ्या रांगेत तुमची खुर्ची धरली आहे."

"पहिल्या रांगेत असती तरी आले नसते."

हेही फू लिंगनं लिहून घेतलं.

विद्यापीठाचं पासष्टावं वर्ष चाललं होतं. संस्था निघाली बावन्न साली, शनयांगमध्ये, आठ विटांच्या इमारतींत. सहासष्टमध्ये वरून हुकूम आला, गान्सूच्या डोंगरात चला. मालगाडीत यंत्रं चढली, पुस्तकं चढली आणि बायकांनी हट्टानं कोबीच्या लोणच्याच्या बरण्या चढवल्या. दरीत चौदा वर्षं काढून संस्था थिएनश्वेइ शहरात उतरली, पुढं तिचं विद्यापीठ झालं. देशाच्या क्रमवारीत नव्वदीच्या आत ते कधी शिरलं नाही. म्हणून इतिहास समितीनं आधी शनयांगमधली एखादी जुनी कारागिरीची शाळा आपली पूर्वज म्हणून लावता येते का ते पाहिलं. सापडली ती शाळा टोपल्या विणायला शिकवायची. तो नाद सोडला. मग राहिलं काय, तर लाल कड्याचा बंधारा. त्याची दारं एकाहत्तर साली या संस्थेनं केली, शेचाळीस वर्षं ती पुराला पुरून उरली, आणि पाण्याच्या खात्यात आजही संस्थेचं नाव त्या दारांमुळंच घेतात. ती दारं पंचवीस वर्षांच्या एका कामगार मुलीनं रचली, ही गोष्ट समितीला फारच आवडली होती. आवडणारच. फोटो काढायला मुलगी जिवंत होती.

शूछिन मुलगी होती फिटरची. घराण्यावर डाग नाही, हात स्थिर. ट्रेसरचं काम, कागदोपत्री अनुरेखन, म्हणजे पेन्सिलीच्या कागदावर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं आणि खाली जे दिसेल ते शाईनं जसंच्या तसं वर उतरवायचं. जे दिसेल ते. डोकं चालवणं दुसऱ्यांचं काम.

तान बोयुआन सर मूळचे रचनेचे प्राध्यापक. वडील जमीनदार, स्वतः परदेशात शिकलेले. सांस्कृतिक क्रांतीत एवढं पुरे होतं. दरीत आल्यावर त्यांना बॉयलरवर कोळसा ओढायला लावलं होतं. त्यांना सर म्हणायची बंदी होती. सगळे नुसतं 'तान' म्हणत, शूछिनही म्हणे. बॉयलरखोलीचं दार लोटलं की मात्र सर.

बंधाऱ्याची दारं कुणाला जमेनात तेव्हा संस्थेच्या कारखान्याचा प्रमुख एका दुपारी बॉयलरखोलीत जाऊन उकिडवा बसला आणि तानना म्हणाला, "तूच कर. पण कागदावर तुझं नाव दिसलं तर जिल्हा ते ड्रॉइंग परत पाठवील. माझ्या तोंडावर."

तान सरांनी कोळशाच्या पेटीच्या झाकणावर दोन महिने ती दारं काढली. शूछिन जेवणाच्या सुट्टीत जायची, कोटाच्या आत कागद गुंडाळून आणायची आणि शाईनं उतरवायची. शेवटी चौकटीत नाव भरायची वेळ आली, तेव्हा तिचा हात अडला.

"सर, 'रचना' पुढं मी काय लिहू?"

"तुझं नाव लिही. रिकामं राहिलं तर विचारतील."

"खोटं लिहू?"

"खोडायचं असेल तर पद्धत मी शिकवली आहे तुला. खरवडायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही आणि तारीख. आज लिही. पुढचं पुढं."

पुढचं पुढं पडलं ते शेचाळीस वर्षं पडलं.

तान सर पंचाहत्तरच्या हिवाळ्यात दरीतच गेले. पोटात गाठ होती. मुलाला बापाचा डाग लागू नये म्हणून बायकोनं आधीच काडीमोड घेतला होता. कुणी आलं नाही. अठ्ठ्याहत्तरमध्ये क्रांतीत बदनाम झालेल्या माणसांची नावं परत उजळायला लागली. एक कारकून शूछिनकडे आला आणि त्यानं विचारलं, तान बोयुआनच्या नावावर काही काम होतं का? त्याच महिन्यात शूछिनचा ट्रेसरवरून तंत्रज्ञ व्हायचा अर्ज टेबलावर होता, आणि अर्जाला त्याच दारांच्या ड्रॉइंगची प्रत जोडलेली होती. ती म्हणाली, "मला माहीत नाही." हे नाही तिनं एकदाच म्हटलं, आणि ते लगेच खरं धरलं गेलं. तिला पद मिळालं, संस्था शहरात उतरल्यावर पदामुळं दोन खोल्यांचं घर मिळालं. अजून ती त्याच घरात राहते.

फू लिंग गेल्यावर शूछिननं अंथरूण उलटलं, गादीखालचा सपाट कागद काढला, दोन पुठ्ठ्यांत धरला आणि तडक पेई गुआंगरुइच्या घरी गेली.

पेई इतिहास समितीचा अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक, शेजारच्याच इमारतीत राहणारा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आंबवलेल्या पाण्यातल्या शेवयांचा वाडगा त्याच्या हातात होता.

"या गुआनताई. जेवलात का?"

"जेवायला आले नाही. पुस्तकातलं माझं नाव काढ. तान सरांचं घाल."

"फू लिंग म्हणालीच. ताई, तीनदा नाही म्हणून झालं ना? आता बस. चौथ्यांदा म्हटलं की लोकांना तो गर्व वाटतो."

"मी खरं सांगतेय रे गाढवा."

"कागद काय म्हणतो ते बघावं लागतं. समिती आहे ती. कागदावर तुमचं नाव, उद्या तुम्ही म्हणाल दुसऱ्याचं, परवा आणखी कुणी येईल."

"बरं. मग मला सांग, दाराच्या डाव्या लोखंडी बाहूवर जे भोक आहे ते कशाला?"

पेईनं वाडगा खाली ठेवला. हा विषय त्याच्या जिव्हाळ्याचा. एकतीस वर्षं त्यानं ते भोक वर्गात शिकवलं होतं, त्यावर निबंध छापला होता, दर वर्षी मुलांची बस भरून बंधाऱ्यावर नेऊन ते बोटानं दाखवलं होतं.

"अठरा मिलिमीटर. पाण्याचा मारा डाव्या काठानं येतो, त्यानं बाहूला कंप सुटतो, तो मोडायला. म्हणून डावीकडेच आहे, उजवीकडे नाही. तुम्हीच रचलंय आणि मला विचारता?"

"ठिणगी पडली होती," शूछिन म्हणाली.

तिनं पुठ्ठा उघडला. आत पेन्सिलीचं ड्रॉइंग होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. डाव्या बाहूवर कागदाला दोन मिलिमीटरहून थोडं कमी असं जळकं भोक होतं, कडेला तपकिरी कडं.

"बॉयलरचं दार उघडं होतं. ठिणगी उडाली, कागद जळला. सरांना दिसलं नाही, मला कळलं नाही. कापडाखालून मला गोल दिसला. मी गोल काढला, मधून दोन रेघा मारल्या, पट्टी लावून मोजला आणि एकास दहाच्या प्रमाणानं अठरा लिहिलं. पक्कं ड्रॉइंग बघायची सरांना परवानगी नव्हती. तुझ्या प्रतीवरची तपासणीची चौकट बघ, कोरी आहे. कारखान्यानं भोक पाडलं. दोन वर्षांनी सरांना सिमेंट ओढायला बंधाऱ्यावर नेलं तेव्हा त्यांनी ते पाहिलं. त्यात बोट घालून विचारलं, शूछिन, हे काय? मी म्हटलं, तुम्हीच काढलंत. तेव्हा ते हसले. त्या दरीत मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं. मग काठीनं जमिनीवर हिशेब मांडला आणि म्हणाले, इथं ताण नाही, राहू दे."

पेईनं आत जाऊन पक्क्या ड्रॉइंगची प्रत आणली, टेबलावर पसरली आणि पेन्सिलीचा कागद तिच्यावर ठेवून सरकवत गेला. रेघेवर रेघ बसली. जळक्या भोकातून खालचा गोल पुरा दिसत होता.

"ज्यानं हे दार रचलं," शूछिन म्हणाली, "त्यानं त्यात हे भोक पाडलं असतं का? हे ट्रेसरनंच करावं."

पेईनं त्या जळक्या कडेवरून बोट फिरवलं. शेवया गार झाल्या होत्या.

"एकतीस वर्षं," तो हळूच म्हणाला. "ताई, तुम्ही एकदा वर्गाबाहेर उभ्या होतात. मी हेच शिकवत होतो. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"बोलला नाहीत."

"नाही बोलले. हा कागद माझ्या गादीखाली होता. त्यावर झोपत होते मी, पेई. तुझ्या निबंधाचं मला काही सांगू नकोस. तुझं एक भोक चुकलं, माझं अख्खं दार."

पेई उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज समितीचा झाला होता. "शुक्रवारपर्यंत बघतो. तुमचं तंत्रज्ञाचं पद…"

"ते त्यांना काढून घेऊ दे. मी आता कुठं चढणार आहे?"

पद कुणी काढून घेतलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा अर्ज उकरायला कुणाला वेळ नव्हता. समारंभाला ती गेली नाही. तिच्या खुर्चीवर निवृत्त स्वयंपाकी बसला आणि त्यानं झकास झोप काढली. पेईनं मात्र भाषणात आपल्या निबंधाचं नाव घेऊन तो चुकीचा असल्याचं सांगितलं. लोकांना वाटलं, विनय.

पुस्तक चार दिवसांनी फू लिंग घेऊन आली. जाड, लाल, पाचशे पानांचं. शूछिननं भिंग लावून ते पान काढलं. रचना: तान बोयुआन. जन्मसाल, मृत्युसाल, एक ओळ. फोटो मिळाला नव्हता. आणि त्याखाली: सहरचनाकार, गुआन शूछिन.

"हे कुणी घातलं?"

"समितीनं, आजी. तुमचं नाव अगदीच काढणं कुणाला बरं वाटेना. पेई सर भांडले, पण मतं घेतली."

शूछिननं जॅकेट चढवलं. खिशात चष्मा, पट्टी, शाईचं पेन. ग्रंथालय पाचव्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट समारंभानंतर बंद पडली होती. फू लिंग मागून चढत होती, विचारत होती की कुठं निघालात. एकाहत्तर वर्षांची बाई दर मजल्यावर कठडा धरून थांबली आणि पुन्हा चढू लागली.

"विद्यापीठाचा नवा इतिहास," तिनं ग्रंथपालाला सांगितलं. "किती प्रती आहेत तेवढ्या काढ."

सहा होत्या. तिनं त्या टेबलावर ओळीनं उघडल्या, पट्टी लावली आणि पहिल्या प्रतीतल्या 'सहरचनाकार' वर एक बारीक रेघ मारली. खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.

"आजी," ग्रंथपाल धावत आला, "पुस्तकात लिहायचं नसतं."

"लिहीत नाही. दुरुस्त करतेय."

त्यानं फू लिंगकडे पाहिलं. फू लिंगनं दुसरी प्रत उचलली, पान सपाट दाबून धरलं आणि शूछिनसमोर सरकवली.

रेघेच्या वर शूछिननं लिहिलं: अनुरेखन. बाजूला सही आणि तारीख. शाई वाळेपर्यंत थांबली. मग दुसरी.