गाडीची उभारी

"वकीलसाहेब, खरं बोललो तं फाशी होईन ना?" तुरुंगाच्या गजांआडून हरसिंगनं विचारलं. साठ सालच्या सुमारास यवतमाळच्या कोर्टातली ही माझी पहिलीच खुनाची केस. दुसऱ्या दिवशी आरोपीचा जबाब होता.

घाटंजीच्या बाजारातून परतताना वाट देण्यावरून दोन गाडीवान भांडले. समोरच्यानं हरसिंगला बैल हाकायची पराणी टोचली. हरसिंगनं त्याच्या डोक्यात काठी हाणली. एकच घाव, पण माणूस गेला.

तांड्याच्या नाईकानं, म्हणजे वस्तीच्या प्रमुखानं, मला बजावलं होतं, "हरसिंग त्या दिवशी घरीच होता. तांडा एका तोंडानं बोलन." मी मूर्खासारखी मान हलवली. कोर्टात दोन वाटसरूंनी हरसिंगकडे सरळ बोट दाखवलं, तेव्हा तो बचाव तिथेच कोसळला.

कायद्यात माणूस मारणं सगळं एका मापाचं नसतं. ठरवून, तयारीनं मारलं तर कलम ३०२, फाशी नाहीतर जन्मठेप. अचानक भांडणात हात उठला तर ३०४, काही वर्षं कैद. पोलीस म्हणत होते, यानं घरून काठी आणली. म्हणजे तयारी!

तुरुंगाबाहेर त्याची बायको सोमली बसली होती. तिला मी काठीचं विचारलं.

"काठी कोठची जी? आमच्या गाडीची उभारी होती ते. भोक अजून रिकामंच हाय."

उभारी म्हणजे माल सांडू नये म्हणून गाडीच्या कडेला खोचलेला दांडका. जागेवरच उपसलेला!

"आधी काहून नाही सांगितलं, बाई?"

"नाईक म्हने, गाडीचं नाव काढू नोका."

अरे देवा! तो घरी होता म्हटल्यावर गाडीही घरीच हवी ना.

मी परत आत जाऊन हरसिंगला खरं तेच सांगायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात तो बोलला, "मीच मारलं. उभारी उपसून." गाडी कोर्टाच्या आवारात आणवली. जजसाहेब पायऱ्या उतरले. शिपायानं जप्त केलेली काठी भोकात घालून पाहिली. जाईना.

कबुली तर देऊन बसलो होतो. आता याला मीच फासावर चढवलं.

"अगा, उलटी धरली तुनं!" सोमली ओरडली.

शिपायानं काठी फिरवली. तासलेलं टोक भोकात गच्च बसलं.

३०४ लागलं, सात वर्षं. सोमली रडली, पण कुंकू पुसावं लागलं नाही.

तेव्हापासून खुनाच्या केसमध्ये मी आधी आरोपीच्या बायकोशी बोलतो. नाईकाशी नंतर.