फोनला न कळणारी आई

आई देऊळघाटला, मी शिकायला पुण्यात हॉस्टेलवर. तिला टाइप करणं जमत नाही, म्हणून बोलून मेसेज कसा लिहायचा ते मीच तिला शिकवलं. ती म्हणायची "मले", फोन लिहायचा "मुले". "का?" विचारताना ती म्हणायची "काऊन", फोन लिहायचा "कोण". माझं डोकं तापायचं. याला म्हणे स्मार्ट फोन, आणि साधी माझी आई कळत नाही. वर्गात माझ्या "काऊन"ला हसणारे काय कमी होते, म्हणून यानेही तेच करावं?

परवा तिचा मेसेज आला, "मला आता बरं वाटतंय. तू जेवलीस का?" एकही चूक नाही. वाटलं, कुणी परकी बाई माझी चौकशी करतेय. मी लगेच फोन लावला.

"कोणाकून लिहून घेतलं हे?"

"मीच बोलली," आई म्हणाली. "त्याले आपलं समजत नाही, म्हून टीव्हीतल्या बायांसारखी बोलली."

"काही गरज नाही. तू बोलते तशीच बोल, अन् आवाज रेकॉर्ड करून पाठव मले."



"अन् तुह्या मैतरिणींनं ऐकलं तं?"